बंद इंजिनाने ओढलेला धूर

आधी नाव सांगतो, मग हकिकत. कात्रजच्या शेवंतावहिनी. आमच्या दत्तूभाऊ मेकॅनिकच्या पत्नी. मी पुण्यात टिकलो तो त्यांच्यामुळे. त्यांना विचाराल तर म्हणतील, "म्या काय केलं? उदबत्ती ओवाळली." खरं आहे, तेवढंच केलं. पण त्या उदबत्तीच्या धुराचं जे झालं ते मी भर सकाळी, दोन हातांवरून पाहिलंय.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. मी भंडाऱ्याकडचा, नववीतून शाळा सुटलेला. गावी रोज मसणवट्याच्या कडेनं शेतावर डबा न्यायचो, कधी मागे वळून पाहिलं नाही. मला भीती वाटायची ती जिवंत माणसांची – साहेब, घरमालक, फॉर्म तपासणारा कारकून. भुतांनी मला कधी "शिक्षण किती?" असं विचारलं नव्हतं.

तेव्हा कोथरूडात भाड्याच्या बंगल्यांमधून सॉफ्टवेअर कंपन्या सुरू होत होत्या. नेट इतकं हळू की आदल्या दिवसाच्या कामाची कॉपी एका टेपवर घ्यायची आणि ती टेप माणसानं गाडीवरून हडपसरच्या दुसऱ्या ऑफिसात नेऊन द्यायची. रोज दुपारी बारापर्यंत. त्या कामाला 'स्वतःची गाडी असलेला' माणूस हवा होता, म्हणून मी सेकंडहँड शंभर सीसी मोटरसायकल घेतली. महिनाभर ट्रायल, मग पर्मनंट.

गाडीनं आठवड्यातच रंग दाखवला. उभी असताना आपोआप रेस वाढायची – घूंऽऽ करून किंचाळायची – आणि अ‍ॅक्सिलेटर दिला की खोकून बंद. मी दोनदा उशिरा पोचलो. दुसऱ्या वेळी अ‍ॅडमिनचे साहेब, खास पेठेतले, चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपल्याकडे गाडी आहे असं आपण म्हणाला होतात. ती चालते असं आम्ही गृहीत धरलं... आमचीच चूक." मग शांतपणे, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर मात्र आपण येऊ नका. टेप न्यायला दुसरा माणूस बघून ठेवलाय."

दोन मेकॅनिक झाले. एकानं प्लग बदलला, दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला. तिसरे दत्तूभाऊ. माझ्या खोलीपासून चार घरांवर त्यांचं पत्र्याचं गॅरेज, मागे घर. त्यांनी नुसतं ऐकूनच सांगितलं, "हवा ओढतीया. पेट्रोल जातंय त्या वाटंत कुठंतरी फट हाय, तिथनं जास्तीची हवा शिरती. पण कुठनं?" त्यांनी जोडातलं गॅस्केट बदललं. चालू इंजिनावर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारून पाहिलं – फट असली की पाणी आत खेचलं जातं आणि इंजिनाचा आवाज पडतो. आवाज पडेना. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी हात पुसले. "आता परवा. उद्या हत्यारं पूजेला."

"भाऊ, उद्या माही ड्यूटी आहे न!"

"दसऱ्याला?"

"काम अमेरिकेचं. तिथं दसरा नसते म्हणे..."

"मग अमेरिकेतनं मेकॅनिक बोलव," असं म्हणून त्यांनी शटर ओढलं.

मला झोप लागली नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर गावी परत. आईनं गावभर सांगितलं होतं, पोरगा कॉम्प्युटर कंपनीत लागला.

सकाळी आठला मी गॅरेजवर हजर. पोत्यावर पाने, पक्कड, हातोडी मांडलेली, हळदकुंकू लागलेलं, झेंडूची फुलं. दत्तूभाऊ आंघोळ करून टोपी घालून बसलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "न्हाई. वर्षातनं एक दिवस. बा होता तवापासनं हाय हे."

तेवढ्यात शेवंतावहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आरं, सणाच्या दिवशी असं तोंड? थांब, तुझ्या गाडीला बी ओवाळते. आली हाय आमच्या दारात." त्यांनी गाडीला कुंकू लावलं, हँडलला माळ घातली आणि उदबत्ती फिरवायला लागल्या.

"पेट्रोलपासनं लांब धर," दत्तूभाऊ ओरडले.

"कॉक बंद हाय तिचा, दिसतंय मला. इतकी वर्षं काय तुमच्या नुसत्या भाकऱ्याच थापल्या व्हय?"

पुढच्या चाकाशी धूर सरळ वर गेला. सीटपाशी सरळ वर. टाकीच्या खाली उदबत्ती आली आणि धूर... आडवा झाला. वळला, खाली उतरला आणि कार्बोरेटर नि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीखाली जाऊन नाहीसा झाला. सुतासारखा. कुणी तोंडानं ओढून घ्यावा तसा.

"अवं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यो धूर बगा."

"वारा हाय."

वहिनींनी ताट पुढे केलं. निरांजनाची ज्योत काडीसारखी उभी होती.

इथे नीट लक्षात घ्या. गाडी रात्रभर गॅरेजच्या दारातच उभी होती. इंजिन थंडगार, किल्ली माझ्या खिशात. चालू इंजिन हवा ओढतं, बंद इंजिन काय ओढणार? दत्तूभाऊ उठले. त्यांनी स्वतः उदबत्ती हातात घेतली, गाडीच्या दुसऱ्या बाजूनं धरली. धूर गाडीला वळसा घालून त्याच जागी गेला. मग – हे आठवलं की अजून हसू येतं – ते मागे जाऊन सायलेन्सरमध्ये वाकून बघून आले, धूर तिकडनं निघतोय का म्हणून. तिकडे काही नव्हतं.

त्यांनी खाली बसून रबराखाली बोट घातलं, जरा वाकवलं. "आयला!" क्लिपच्या आडोशाला, अगदी तळाशी, नखाएवढी चीर. एरवी मिटलेली, इंजिन तापून हलायला लागलं की उघडणारी. साबणाच्या पाण्याच्या वेळी इंजिन नुकतंच चालू केलं होतं, म्हणून सापडली नव्हती. ती ज्या क्षणी दिसली, त्या क्षणी धूर सरळ झाला. तिघांनी पाहिलं.

दत्तूभाऊ पोत्याकडे बघायला लागले, मग वहिनींकडे.

"पानं पूजेत हायत," वहिनी म्हणाल्या, "बोटं न्हाईत."

कॅरिअरला डबा बांधायची जुन्या ट्यूबची पट्टी होती. दत्तूभाऊंनी ती सोडली, ताणून ताणून नळीभोवती आठ वेढे मारले, टोक दातांनी ओढून आत खोचलं. एका हत्याराला हात लागला नाही. "मार किक."

पहिल्या किकला सुरू. मी श्वास धरून थांबलो, आता किंचाळेल, मग किंचाळेल... नाही. पाच मिनिटं तापू दिली. ठप-ठप-ठप, एका लयीत. मी अ‍ॅक्सिलेटर पिळला, गिअर टाकला आणि गाडी अशी उसळली की दत्तूभाऊंची टोपी पडली! वहिनी टाळ्या वाजवत होत्या. "जा की आता! अमेरिका खोळंबली आसंल!"

त्या दिवशी मी पुणं जिंकलं हो. हँडलला झेंडूची माळ, कात्रजहून कोथरूड, कोथरूडहून टेप घेऊन हडपसर. एकाही सिग्नलला गाडी बंद पडली नाही. पावणेबाराला टेप पोचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजिस्टरमधली वेळ बघितली, मग मला. "अरे वा. म्हणजे चालते." त्यांच्या तोंडून ही शाबासकीच. महिनाअखेर मी पर्मनंट झालो, आणि लगेच एसटीडीवरून आईला सांगितलं.

त्यानंतर मी आणि दत्तूभाऊंनी कितीतरी वेळा करून पाहिलंय. इंजिन चालू असेल तर फटीपाशी धूर ओढला जातो, त्यात नवल नाही. बंद इंजिनावर एकदाही नाही. तीच गाडी, तेच फाटकं रबर परत बसवून, तीच उदबत्ती – धूर आपला सरळ वर. ऑफिसातले एक इंजिनिअर म्हणाले, गरम हवेचा खेळ असेल. पण इंजिन थंड होतं. दत्तूभाऊ अजून म्हणतात, "वारा असंल"... आणि लगेच दुसरा विषय काढतात. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा.

एक मात्र ठरवलंय. कधी ना कधी मी चारचाकी घेणार. तिला पहिलं कुंकू शेवंतावहिनींच्या हातचं. मग त्यांना पुढच्या सीटवर बसवून, त्या म्हणतील तिथं, म्हणतील तितके दिवस फिरवणार. दत्तूभाऊ मागे बसतील.