सतरा नंबर

नववी ‘ब’ची हजेरी मी कायम नंबरांनीच घ्यायचे. मान खाली, हातात पेन. "सोळा." "हजर." "सतरा." "हजर." तीन मिनिटांत हजेरी उरकायची.

दिवाळीच्या सुट्टीत सतरा नंबरने, म्हणजे मेघनाने, जीव दिला. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीही तिने "हजर" म्हटलं होतं. हजेरीपटात माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं आहे. त्या दिवशी तिचा चेहरा कसा होता, ते मात्र मला सांगता येत नाही. रडूही येत नाही. दिवसभर खडू धरून बोटं कोरडी पडतात, तसं आत काहीतरी झालंय.

आता मी नावानं हाक मारते, मान वर ठेवून. त्यात दहा मिनिटं जातात.

"बाई, पोर्शन मागे राहील," मुख्याध्यापक म्हणाले.

"राहू दे, सर."

काल श्रावणीचं नाव घेतलं. ती उभी राहिली, पण "हजर" म्हणेना. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मुलांना धडा वाचायला सांगून मी तिला व्हरांड्यात नेलं.

"काही नाही बाई, खरंच."

"नसू दे. आपण नुसतं बसू."

बऱ्याच वेळानं ती बोलायला लागली.

हजेरीपटात कालचे, श्रावणीच्या खालचे सगळे रकाने कोरे आहेत.