वफ्राच्या मळ्यातला शुक्रवार

केतकीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली. झोपेतच," एवढंच ती बोलली. कुमुद शांतपणे गेली याचं मला दुःखाच्याही आधी नवल वाटलं... कुठलीच गोष्ट शांतपणे करणं तिच्या स्वभावात नव्हतं. आता दीड महिना झाला, पण शुक्रवार उजाडला की वाटतं, आत्ता जिन्यातून तिची हाक येईल, "अगं, आवरलं का? भूक लागलीय!"

नव्वदच्या दशकात आम्ही कुवेतला महबूलामध्ये एकाच इमारतीत राहत होतो. तिचे वसंतराव आणि आमचे हे, दोघेही पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर. आठवडाभर वाळू आणि एसीची घरघर, म्हणून शुक्रवारी बाहेर पडायचंच, हा कुमुदचा दंडक. फहाहीलच्या किनाऱ्यावर भाजलेलं झुबैदी, म्हणजे तिथलं पापलेट, कुठे मिळतं, कुठल्या इराण्याकडची रोटी भट्टीतून निघाल्या निघाल्या खायची, सगळं तिला ठाऊक. पुण्याच्या शाकाहारी घरातली ही बाई परातभर मचबूस, तो मसालेदार मटणभात, हाताने खायची आणि शेवटी बोटंसुद्धा चाटायची. आमच्या पाच-सहा मराठी कुटुंबांच्या घोळक्याची ती म्होरकीच होती.

एका हिवाळ्यात आम्ही सहलीला वफ्राला, दक्षिणेकडच्या शेतमळ्यांच्या भागात, गेलो. तिथल्या एका मोठ्या मळ्याचा सुपरवायझर आपलाच, मुंबईकडचा. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, गोड बोलणारा. त्यानेच बोलावलं होतं. खजुरीच्या सावलीत सतरंज्या पडल्या, निखाऱ्यांवर कबाब चढले. त्याने स्वतः सगळ्यांना टोमॅटो कापून दिले आणि "आलोच" म्हणून तो काचघराकडे गेला. थोड्याच वेळात तिकडून सपासप आवाज यायला लागला. कोणीतरी सतरंजी झटकत असेल, असं मला वाटलं. मग आवाज आला, "आये गो... मेलंय गो!"

तो आवाज कोकणातला होता. घोळक्यातले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "त्यांचं त्यांचं चाललंय, आपण परक्या देशात..." वाक्य पुरं व्हायच्या आत कुमुद उठली होती. शेगडीवरची सळई उचलून ती धावली, कबाब अजून सळईला चिकटलेले होते. मी तिच्या मागोमाग पळाले.

आत चाळिशीचा एक माणूस वाफ्यात पालथा पडला होता आणि सुपरवायझर पाण्याचा रबरी पाइप दुहेरी करून त्याला झोडपत होता. सदरा फाटून पाठीत रुतला होता, चिरडलेले टोमॅटो कुठले आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. "थांब," असं कुमुद म्हणालीच नाही. तिने सरळ ती तापलेली सळई सुपरवायझरच्या गालावर हाणली. चर्र असा आवाज झाला. तो किंचाळून मागे फिरला, तिने परत हाणली. आणखी एकदा. मग त्याच्या हाताला फावडं लागलं. त्याने ते तिच्या उजव्या कोपरावर घातलं, तो आवाज मी अजून ऐकते... ओली फांदी मोडावी तसा. तेव्हा कुठे पुरुषमाणसं धावत आली आणि त्यांनी त्याला धरलं.

मार खाणाऱ्याचं नाव सखाराम. गावी आई वारली म्हणून त्याने सुपरवायझरकडे जमा असलेला आपला पासपोर्ट मागितला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

सुपरवायझरने उलट कुमुदवरच फिर्याद दिली. पोलीस ठाण्यात ती हाताला झोळी बांधून बसलेली. वसंतराव कळवळून म्हणत होते, "अगं, एकदा सॉरी म्हण. नाहीतर उद्या आपल्याला इथून हाकलतील. केतकीच्या शाळेचं काय?"

"तुम्ही म्हणा," ती म्हणाली, "मी त्याला आणखी मारलं असतं."

शेवटी मळ्याचा मालक आला. म्हातारा कुवेती, एका हातात जपमाळ. त्याने सखारामला सदरा वर करायला लावला. पाठ बघितली. मग अधिकाऱ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "खलास", म्हणजे झालं, संपलं. फिर्याद मागे घेतली गेली, सखारामला पासपोर्ट मिळाला आणि तो घरी गेला. सुपरवायझर मात्र गालावर डाग घेऊन त्याच मळ्यावर राहिला. कुमुदचं कोपर कायमचं ताठ झालं.

घोळक्याने तिला बोलावणं हळूहळू बंद केलं. मग शुक्रवारी आम्ही दोघीच इराण्याकडे जायचो. तिथे एकदा ती अचानक म्हणाली, "सगळे म्हणतात, तू त्या माणसाला वाचवलंस. खरं सांगू? दुसऱ्यांदा हाणताना मला त्याची आठवणही नव्हती. नुसतं बरं वाटत होतं गं... फार बरं वाटत होतं." तिने घास खाली ठेवला. "सुपरवायझरलाही तसंच वाटत असेल का?"

मी रोटीचा तुकडा तोडून तिच्या डाव्या हातात दिला. तिने ते पुन्हा कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी कुमुद आणि वसंतराव पुण्याला परतले. आता कुमुदच्या तेराव्याला मी तिथे गेले. परदेशात राहून केतकीचं मराठी आता मोडकंतोडकं झालंय, पण आईचं पान तिने स्वतः वाढायला घेतलं. चटणी, कोशिंबीर उजवीकडे. भाजी डावीकडे. गुरुजी बघत होते, ते हळूच म्हणाले, "ताई, पान उलटं वाढलंय तुम्ही."

"नाही, गुरुजी," केतकी म्हणाली, "आईचा उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही."

 गुरुजींनी पाण्याचा पेला उचलला आणि पानाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला.