सदरवाले साडू

आमच्या थोरल्या साडूंनी ज्यात सदर लिहायला घेतलं आणि जे बंद पडलं नाही, असं नियतकालिक नाशिक जिल्ह्यात अजून निघायचं आहे. बंद पडलेला संगणक मात्र त्यांची नुसती चाहूल लागली तरी खडबडून उठतो. संगणकाविषयी लिहायला त्यांनी एका दैनिकात सुरुवात केली, ते आटोपलं. मग सायंदैनिकात गेले. त्याचा सूर्य भरदुपारी मावळला. मग कांद्याचे भाव छापणाऱ्या साप्ताहिकात शिरले, आणि तेही कुजल्यावर वधूवर सूचक मासिकात येऊन टेकले. दर वेळी आम्ही सांत्वनाला जायचो, तर हे गृहस्थ पोह्यांवर लिंबू पिळत म्हणायचे, "कागद त्यांचा होता हो. वाचक माझे आहेत."

आणि ते खोटं नव्हतं. साडू जातील तिथे वाचकांचं लटांबर मागोमाग हजर. नातवंडं खेळवणारी माणसं केवळ साडूंसाठी वधूवर मासिक मागवू लागली, आणि त्यापायी कितीएक घरांत नवऱ्यांची झडती झाली. साडूही पंगत पाहून वाढणारे. कांद्याच्या साप्ताहिकात त्यांनी लिहिलं होतं, की हार्ड डिस्क म्हणजे कांदाचाळ, सडका माल वेळेवर काढला नाही तर सगळंच जातं. वधूवर मासिकात तोच लेख सुनेच्या माहेरच्या सामानावर बेतून दिला. दोन्हीकडे वाहवा.

मराठीचा मात्र भारी सोस. पहिल्याच लेखात त्यांनी 'उंदराला उजवीकडे टिचकी मारा' असा आदेश काढला. सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्यानं कॅरम खेळून कमावलेल्या बोटानं अशी टिचकी हाणली, की तो माउस वायर तोडून थेट वजनकाट्यावर. लगेच फोन आला, "सर, टिचकी मारी, उंदीर खाले पडना. आते काय करू?" दुसऱ्या कुणी शब्द बदलला असता. साडूंनी पुढचा अख्खा लेख टिचकी किती हळुवार असावी यावर लिहिला. त्या व्यापाऱ्यानं खूश होऊन पाठवलेल्या कांद्यांनी आमच्या दोन्ही घरांना वर्षभर रडवलं.

येवल्याला पैठणीचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा प्रश्न प्रिंटरपासून सुरू व्हायचा आणि गुडघ्यांवर येऊन थांबायचा. साडू दोन्हींची उत्तरं एकाच चौकटीत छापायचे. प्रिंटरला शाई आणि गुडघ्यांना तिळाचं तेल.

मग मासिकाला नवे संपादक आले. पोरसवदा, पण बोलायला गोड. म्हणाले, "काका, लोक आता फोनलाच विचारतात. ती कृत्रिम बुद्धी चुटकीसरशी उत्तर देते. निरोपाचा एक लेख द्या." कागद जिवंत राहून सदर गेलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. साडूंनी घरी येऊन येवल्याच्या बाईंचा प्रश्न त्या बुद्धीला घालून पाहिला. "उत्तर बिनचूक आहे हो," म्हणाले. "माझ्यापेक्षा नेटकं आहे." त्या दिवशी पोहे तसेच राहिले. वाचकही आता आपले नाहीत, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

निरोपाच्या लेखात त्यांनी एकच प्रश्न छापला. 'आजवर तुम्ही विचारलंत, आता मी विचारतो. उद्यापासून मी काय करू?' खाली स्वतःचा नंबर.

अंक पोचला त्या दिवशी फोन इतका वाजला, की मेव्हणीबाईंनी तो तुरीच्या डाळीत पुरून ठेवला. सटाण्याचे व्यापारी म्हणाले, "इकडे या सर, मशीन बंद पडेल शे." येवल्याच्या बाई म्हणाल्या, "प्रिंटर लय रुसलाय. तुम्ही येऊनच बघा."

तेव्हापासून साडू एसटीनं जिल्हाभर हिंडतात. परवा येवल्याला मीही सोबत गेलो. चहा झाला, चिवडा झाला, गुडघ्यांचं सविस्तर झालं, सुनेचं झालं. दुकानात संगणक म्हणून काही दिसेना. मी आपलं विचारायला तोंड उघडलं, की प्रिंटर कुठाय, तर साडूंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला जोर लावून ठेवला. बाई दुसरा चहा टाकायला आत गेल्या होत्या.

परतताना गाडीत साडूंनी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला एखादा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायला हवा. हातात असला की बरं दिसतं."