बद्रीनाथ गुरुजींचा सशांचा डाव

निजामाच्या राज्यातली सरकारी शाळा म्हणजे उर्दू शाळा, आणि आमच्या धावडा गावात तेव्हा तीही नव्हती. म्हणून बद्रीनाथ गुरुजी मारुतीसमोरच्या पारावर मराठी शाळा भरवत. औरंगाबादेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला हा माणूस पाढ्यांपेक्षा गोष्टींत जास्त रमायचा. नाकतोडा हिरवा कसा झाला, सापाचे पाय कुठे गेले, असल्या गोष्टी. एकदा त्यांनी माणूस आणि माकड एकाच गोतातले असं सांगितलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. पाटील रामराव म्हणाले, "आमची भावकी पाहून मला आधीच शंका व्हती." विषय तिथंच मिटला.

आम्हाला सगळ्यांत प्यारी सशांची गोष्ट, कारण ती खेळायची होती. एक पोरगा लांडगा, बाकीचे ससे. सापडला तो बाद. वाचला त्याच्यापुढं गुरुजी खडे मांडायचे. ते खडे म्हणजे त्याची पिल्लं. शेवटी म्हणायचे, "सशाला पळायला कुनी शिकवलं न्हाई. हळू पळनारे गेले, चपळांचीच पिल्लं उरली."

धुळाजी धनगराच्या पोरीपुढं, आसरापुढं, कधी एकही खडा पडला नाही. तिचा डावा पाय लुळा. मेंढरांमागं जाता येईना म्हणून बापानं तिला शाळेत घातलेली. शाळेतली एकुलती एक मुलगी. पोरं महालबाड, लांडगा झालेला आधी तिलाच धरायचा. गोष्टीच्या नादात गुरुजींच्या ते ध्यानातही आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मग आसरा यायची बंद झाली. गुरुजी तिच्या घरी निघाले, मागून आम्ही. ती ओसरीवर लोकर निवडत बसली होती.

"शाळंचं नाव काढलं का रडून राह्यली," धुळाजी म्हणाला.

"का गं आसरा?"

"मी कशाला शिकू? माझं पुढं काईच न्हाई उरनार. तुमीच म्हन्ले ना."

"ते सशांचं, बाई."

"मानूस बी जनावरातूनच आला म्हन्ले ना तुमी."

पोरांशी खोटं बोलायची गुरुजींना सवय नव्हती. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"ह्या काचा नसल्या तर मला लांडगा अन् कुत्रा एकच दिसतो," ते सावकाश म्हणाले. "ससा असतो तर पहिल्याच दिवशी गेलो असतो. जालन्याच्या एका मानसानं ह्या काचा घासून दिल्या, म्हनून मी हाये. मानूस नुसता पळून न्हाई टिकला, बाई. एकमेकाला धरून टिकला. हे मी सांगायला पाह्यजे व्हतं. चुकलं माझं."

आसराला ते लगेच पटलं नाही. लोकर निवडता निवडता ती म्हणाली, "मंग उद्या मी लांडगा."

"बराबर."

"आन् ससा तुमी. चष्मा काढून."

दुसऱ्या दिवशी पाराभोवती निम्मं गाव जमलं. गुरुजी चष्मा मारुतीच्या पायरीवर ठेवून धोतर सावरत पळाले ते थेट पिंपळावर जाऊन आदळले. लोक पोट धरून हसले. आसरा लंगडत गेली आणि तिनं त्यांना धरलं. आम्ही ओरडलो, "बाद! बाद!" तिनं मात्र त्यांचा हात सोडला नाही. तसंच धरून, वाटेतले दगड चुकवत, तिनं त्यांना चष्म्यापाशी नेलं.