वांडाच्या घरातून गेलेली हद्द

वांडा प्रुशिन्स्की कुणाला घाबरत नाही, आमच्या मुकादमाला तर नाहीच. हार्लन शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात वीस वर्षं आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतोय. रक्ताने माखलेलं कापडसुद्धा ती नाक न मुरडता उचलते. पण सरकारी पाकीट आलं की हिची पाचावर धारण बसते.

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने पिशवीतून तीन पाकिटं काढली. एकही फोडलेलं नाही! तिन्हींवर ईस्टफील्ड नगरपालिकेचा शिक्का.

"बर्निस, तूच फोड गं. माझे हात चालत नाहीत."

फोडली. तिन्हींत तेच. तीन वर्षं ईस्टफील्ड शहराचा कर भरलेला नाही, दंडासकट अठराशे डॉलर भरा. शेवटच्यात कोर्टाची तारीखही होती.

"पण मी हार्लनची आहे! टपाल हार्लनच्या नावावर येतं. पगारातून हार्लन अडीच टक्के कापतं, वर ओहायो राज्य कापतं, वॉशिंग्टनचं सरकार कापतं. हातात उरतं काय? आता हे घर घेतील बघ माझं."

"घर कोण घेतंय, येडे!" मी म्हटलं खरं, पण मलाही खात्री नव्हती. आमच्याकडे अर्धी वस्ती टपालावरच्या नावाने आपलं गाव ठरवते. मीसुद्धा. आणि ईस्टफील्डात राहून हार्लनला राबलं, तर ईस्टफील्ड वर आणखी एक टक्का मागतं.

बुधवारी सुट्टी टाकून दोघी ईस्टफील्डच्या कर खात्यात गेलो. वांडाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. खिडकीवरच्या पोरीने नकाशा काढला आणि हसली. शहराची हद्द वांडाच्या घराच्या बरोबर मधून गेलेली! पुढची खोली हार्लनची, मागची ईस्टफील्डची.

"अशा घरांना आमचा एकच प्रश्न असतो, मॅडम. तुम्ही झोपता कुठे?"

वांडाची मान लाल झाली.

"पुढच्या खोलीत. सोफ्यावर. माझा नवरा स्टॅन तीन वर्षांपूर्वी मागच्या खोलीत वारला ना... तेव्हापासून ते दार उघडवत नाही मला. भीती वाटते."

तीन वर्षं! आणि मला, रोज शेजारी उभ्या असणाऱ्या मला, एका शब्दाने बोलली नाही ही बया.

"मग सुटलात की!" पोरीने फॉर्म सरकवला. "तुम्ही आमचं काही देणं लागत नाही. कायमची झोपण्याची जागा, पुढची खोली. इथे सही करा."

मी टाळीच वाजवणार होते. वांडा मात्र फॉर्म वाचत राहिली. एका शब्दाशी पेन थांबलं.

"कायमची?"

"तसंच लिहावं लागतं, मॅडम."

तिने पेन खाली ठेवलं. "नको. मागची खोली लिहा."

"अगं, वेडी का खुळी तू? अठराशे डॉलर! आणि पुढे दर पगाराला कापणार ते वेगळंच!"

"कापू दे. यावर सही केली ना, बर्निस, तर मी त्या खोलीत जन्मात जायची नाही."

पोरीने हप्ते बांधून दिले. बाहेर पायऱ्यांवर आलो. मी शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने पुन्हा माझा दंड धरला.

"आत्ता माझ्याबरोबर घरी चल. मागच्या खोलीत येऊ नकोस. मी ते दार उघडेपर्यंत फक्त माझ्या मागे उभी राहा."