रगत्याचं सोंग

मुखरूला रक्त पाहवत नसे. घरची कोंबडी कापायची तरी शेजारच्या वारलूला हाक मारावी लागे, आणि तेवढा वेळ हा गडी बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या पाळीवर पाण्याकडे तोंड करून बसे. अशा माणसाच्या वाट्याला दंडारीत, म्हणजे झाडीपट्टीतल्या रात्रीच्या लोकनाट्यात, रगत्याचं, म्हणजे माणसांचं रक्त पिणाऱ्या भुताचं सोंग यावं, याला नशिबाची थट्टाच म्हणायची. पण सोंग त्यानं असं उभं केलं, की सिंदेवाहीपासून नागभीडपर्यंत बाया पोरांना पदराखाली घेऊन बघत आणि तरी उठून जात नसत. दर वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ही गोष्ट थोडी पुढे सरके.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. दंडारीचे म्होरके गुणवंतराव लकव्यानं अंथरुणाला खिळले आणि गोष्ट अर्ध्यावरच राहिली. रगत्या मोहाच्या झाडाखाली गाडलेला, पण मेला की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. लोकांना चैन पडेना. तेव्हा दंडारीचे पडदे आणि सोंगं रंगवणारे नागभीडचे नूर मोहम्मद यांनी पुढची गोष्ट चित्रांतून काढली आणि चांद्याहून तिची पुस्तकं छापून आणली. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्रं बघून कळावं, अशी. त्यात रगत्या जमिनीतून निघतो आणि साधा शेतकरी होऊन गावात नांदू लागतो. चेहरा कुणाचा काढायचा? नूर मोहम्मद यांच्या हाताला एकच चेहरा सवयीचा होता. त्यांनी मुखरूच काढला, गालावरच्या तिळासकट.

मुखरू हरखला. पुस्तक दाखवत गावभर हिंडला, वेडा. त्याच हिवाळ्यात गावात ताप शिरला. दोन लेकरं पांढरीफटक पडून गेली. दुसरं सोनीबाईचं, नुकतंच चालायला लागलेलं. पुस्तकात रगत्यानं रक्त प्यायलेली लेकरंही तशीच पांढरी पडत होती. मग काय, मुखरूला धान कापायला कुणी बोलावेना. विहिरीवर तो दिसला की बाया घागरी उचलून घेत. वारलूनं बोलणं टाकलं. बायको कमळा पोरीला घेऊन माहेरी गेली. जाताना पोरगी त्याला हातही लावू देईना, ते त्याला सगळ्यात जास्त लागलं. रिकाम्या घरात तो आरशात बघे आणि त्याला स्वतःच्याच तोंडाची भीती वाटे.

नूर मोहम्मद यांना कळलं तेव्हा ते धावत आले. चूक त्यांनाच उमगली. दंडार संपली की रगत्या सगळ्यांदेखत तोंड धुई. गावातली एखादी बाई त्याच्या ओंजळीत पाणी घाली, आणि मगच लोक घरी जात. पुस्तकात ते चित्रच नव्हतं. सोंग उतरवायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चावडीपुढे त्यांनी मुखरूचं तोंड रंगवलं. पण पाणी घालायला एकही बाई पुढे येईना. ओंजळ पसरून तो उभा राहिला. शेवटी तांब्या घेऊन आली ती सोनीबाई. तिनं पाणी घातलं, रंग ओघळला, खाली ओळखीचा मुखरू निघाला. लोकांचा जीव भांड्यात पडला. वारलूनं पुढे होऊन तोंड पुसायला पंचा दिला, उद्या कापणीला ये म्हणाला, कमळाला निरोप धाडतो म्हणाला. मुखरूला हुंदका आवरेना.

सोनीबाई मात्र जागची हलली नाही.

"तू नाई, त मंग माह्या लेकराले कोनं नेलं?"

"तापानं नेलं, बाई."

"तापाले मी शिव्या कशा देऊ? त्याले तोंड कुठी हाय? तुले देऊन राह्यली होती, त दिवस तरी निंगत होता."

मुखरू नुसता गप्प राहिला असता, तरी सगळं निभलं असतं. पोरगी घरी येणार होती. त्यानं पंचा वारलूच्या हातात परत दिला आणि सोनीबाईपुढे मातीत बसला.

"दे," तो म्हणाला. "मलेच दे."