नाव कुठेही जाणार नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं एकाच शाळेत विज्ञान शिकवणारा, गिरीज गावात वाडीतल्या घरात राहणारा, सुट्टीच्या दिवशी केळींना पाणी सोडणारा माणूस मी. माझ्याकडे कसलं गुपित असणार? पण आहे. आणि सांगायला बसलोय तरी बघा, आधी भलतंच काहीतरी सांगणार आहे.

शाळेतला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम दरवर्षी मी घेतो. मुलं मैदानात रांगेत उभी राहतात, उजवा हात पुढे करतात, मी माइकवर शपथ सांगतो, ती मागून म्हणतात. मग चित्रस्पर्धा. कवटी, सिगारेट, बाजूला रडणारी आई. बक्षीस बहुतेक कवटीलाच जातं. पालकसभेत मी सांगतो — मुलांशी बोला, त्यांचे मित्र कोण आहेत ते माहीत करून घ्या, त्यांचा विश्वास मिळवा. समोर अर्धे पालक मोबाइलमध्ये असतात. शेवटी एखादी आई विचारते, "सर, ते सगळं बरोबर, पण गणिताचे पेपर कधी दाखवणार?"

मी घरी येतो आणि जेवताना चिडचिड करतो. या लोकांना कळत कसं नाही? पोरं हातची चाललीत आणि यांना मार्कांची पडलीय. बायको ऐकून घेते. तिला वाटतं, यांना मुलांची किती तळमळ. तळमळ आहे, ते खोटं नाही. पण चीड पालकांवरची नसते. ती कुणावरची असते हे मला ताटावर बसल्या बसल्या नीट माहीत असतं.

कोरोनानंतर शाळा पुन्हा भरल्या तेव्हाची गोष्ट. मुलं बदलून आली होती. वर्गात बसायची सवय गेलेली, कुणी खिडकीबाहेर बघत राहायचं, कुणी उगाच भांडायचं. त्याच सुमारास मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथलं बरंचसं नेहमीचंच होतं, पण एक गोष्ट मला मनापासून पटली. मूल नशेकडे वळतंय हे आईबापांच्या आणि शिक्षकांच्या आधी त्याच्या बरोबरीच्या मुलांना कळतं. त्यांना ते सांगायला एक तरी भरवशाचं मोठं माणूस हवं. मला वाटलं, ते माणूस मी होईन. नववीच्या वर्गात जाऊन मी म्हटलं, "काही दिसलं, काही कळलं, तर माझ्याकडे या. नाव कुठेही जाणार नाही. हा माझा शब्द." वर्ग शांत झाला होता. मला स्वतःचा आवाज आवडला होता — हेही सांगून टाकतो.

सानिका आली ती मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेत. खाडीकाठच्या गावातली मुलगी, वडिलांचा टेम्पो होता. वर्गात फारशी बोलायची नाही. पापडी गावातली ॲनेट तिची मैत्रीण. दोघी पाचवीपासून एका बाकावर. ॲनेटनेच तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

त्यांच्या वर्गातल्या ओंकारबद्दल ती सांगत होती. शाळेच्या मागे पूर्वी वाडी होती, आता तिथे अर्धवट राहिलेली इमारत आहे. ओंकार आणि आणखी काही मुलं शाळा सुटली की तिथे जातात, खोकल्याचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत घालून पितात. आता सातवीतली पोरंही त्यांच्या मागे जायला लागलीत.

"त्याला ओरडू नका सर," ती म्हणाली. "तो आधी असा नव्हता. काल मी हाक मारली तर त्याने मला ओळखलंच नाही."

मी विचारलं, तुला एवढं खात्रीने कसं कळलं? ती खाली बघत म्हणाली, "माझे पप्पा पितात सर. मला डोळे बघून कळतं. पन हे कोनाला बोलू नका. घरातलं आहे."

नाही सांगणार, म्हटलं मी. दोन्ही गोष्टी नाही सांगणार, तुझं नावही नाही आणि घरातलंही नाही.

मग मी काय करायला हवं होतं? हे मी इतक्या वेळा मनात करून पाहिलंय की आता ते खरंच केल्यासारखं वाटतं. त्या संध्याकाळी मागच्या इमारतीत स्वतः जायला हवं होतं. पाच मिनिटांचा रस्ता. ओंकारला गाठून त्याच्याशी बोलायला हवं होतं. गेलो असतो तर मी स्वतः पाहिलं असं म्हणता आलं असतं, आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी गेलो नाही. मी थेट मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. आपण काम केलं असं मला वाटलं.

बाईंनी ओंकारच्या वडिलांना बोलावलं. ते उमेळे गावचे, बांधकामाच्या सामानाचे मोठे पुरवठादार, शाळेच्या समितीवर. शाळेत सगळे त्यांना शेठच म्हणायचे. मला वाटलं होतं ते आवाज चढवतील. तसं काही झालं नाही. ते खुर्चीत मागे टेकून बसले, सगळं ऐकलं, आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही."

"मग कोण म्हणतं?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हाच कळलं — हे प्रकरण तू आणलंस, तूच निस्तर. पर्यवेक्षकाची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती. समितीत शेठ होते. हे माझ्या डोक्यात त्या क्षणी होतं का? होतं. नव्हतं असं म्हणायला मला आवडेल, पण होतं.

"उद्या कुणी तुमच्या मुलीबद्दल असं बोललं तर चालेल तुम्हाला?" ते म्हणाले. अगदी शांतपणे.

आणि मी नाव सांगितलं.

इथे थांबलो असतो तरी पुरे झालं असतं. माणूस घाबरतो, तोंडून नाव जातं — तुम्हीही कदाचित समजून घेतलं असतं. मी स्वतःला तेव्हापासून एवढंच सांगत आलोय, की दबावाखाली नाव निघून गेलं. पण ते पूर्ण नाही. नाव ऐकल्यावर शेठच्या कपाळाला आठी पडली, आणि ती आठी जावी म्हणून मी पुढे बोललो. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे, मुलगी तशी हुशार आहे. पण घरचं वातावरण — वडील पितात. अशा मुलांना सगळीकडे तेच दिसतं."

वर्गात समजावून सांगताना लावतो तोच आवाज मी लावला होता. शेठ हसले. बाईंनी चहा मागवला.

सांगितलं मी. बघा, लिहायला एक ओळ लागली.

दुसऱ्याच दिवशी वर्गाला कळलं. कुठून, ते विचारायला नको. फळ्यावर कुणीतरी 'खबरी' लिहिलं. मी आत गेलो, डस्टरने पुसलं आणि आम्लांचा धडा सुरू केला. सानिका मान खाली घालून वहीत लिहीत होती. मग नाक्यावर चारचौघांत शेठनी तिच्या वडिलांना ऐकवलं — आधी स्वतःची बाटली बघ, मग पोरीला दुसऱ्यांच्या घरात डोकवायला शिकव. तो माणूस घरी गेला आणि त्याने पोरीला विचारलं की घरातलं तू बाहेर कुणाला सांगितलंस. त्याने तिला मारलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ती चार-पाच दिवस शाळेत आली नाही, एवढं माहीत आहे.

आली तेव्हा सरळ प्रयोगशाळेत आली. तिने माझ्यावर आरोप केला नाही. आजही मला तेच जास्त लागतं. तिने फक्त विचारलं, "सर, तुमी सांगितलं का?"

मी म्हटलं, "नाही."

ती उभी राहिली. माझ्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत होती, दिसत होतं मला.

मी विचारलं, "तू आणखी कुणाला बोलली होतीस?"

का विचारलं मी हे? सुचलं कसं? ती विचार करत म्हणाली, "फक्त ॲनेटला."

मी टेबलावरची परीक्षानळी उचलली, स्टँडला लावली. मग म्हटलं, "बघ मग."

एवढंच. ॲनेटचं नाव मी घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, कुणी साक्षीला उभं केलं तर मी म्हणू शकेन की मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून सानिका शेवटच्या बाकावर एकटी बसायला लागली. ॲनेट पहिल्या आठवड्यात तिच्या मागे मागे फिरायची. मग एकदा माझ्याकडे येऊन रडली. "सर, तुम्ही तरी तिला सांगा ना. मी कुणाशीच बोलले नाही. आईची शपथ." मी तिला पाणी दिलं. म्हटलं, होतं असं मैत्रीत, तू आता अभ्यासाकडे लक्ष दे. वर्ष संपल्यावर सानिकाने दाखला नेला. विरारकडे मामाच्या घरी राहून ती दहावी झाली असं ऐकलं. मी पर्यवेक्षक झालो.

ओंकारचं काही झालं नाही. म्हणजे तेव्हा नाही. शेठनी मुलाला विचारलं, मुलगा नाही म्हणाला, विषय संपला. दहावी कशीबशी सुटली. कॉलेजात गेल्यावर औषधाच्या बाटलीवरून तो पुढच्या गोष्टींवर गेला. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून आणलं. दुसऱ्यांदा आणल्यावर शेठ माझ्या घरी आले होते, एका दुपारी. ओटीवर बसले. अंगावरचे कपडे सैल झाले होते. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले.

"त्या मुलीने खरं सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं ना सर, ती खरं बोलतेय ते?"

"हो."

"मग जोर देऊन का नाही सांगितलंत मला?"

मी म्हटलं, तुम्ही ऐकलं नसतं. त्यांनी मान हलवली. ते खरंही होतं, त्यांनी ऐकलं नसतं. पण मी सांगून पाहिलंच नव्हतं. उलट त्यांना न ऐकण्याचं कारण मीच दिलं होतं, आयतं, चहाबरोबर. ते त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे. जाताना त्यांनी केळीच्या घडांची चौकशी केली आणि गाडीत बसून निघून गेले.

सानिकानंतर एकही मूल असं काही सांगायला माझ्याकडे आलेलं नाही. मी दरवर्षी नवीन वर्गापुढे तेच वाक्य म्हणतो, नाव कुठेही जाणार नाही, आणि मुलं ऐकून घेतात. शाळेत जिन्याखाली तक्रारपेटी लावलीय. उघडली की चॉकलेटचे कागद निघतात. मागची इमारत पूर्ण झाली, तिथे आता लोक राहतात. पोरं दुसरीकडे जातात. कुठे, ते मला माहीत नाही, कारण मला कोण सांगणार? मुलं आपसात बोलतात. ओंकारच्या मित्रांकडून नंतर पसरलेलं मोठ्या भावंडांनी धाकट्यांना सांगितलेलं असतं. मी इतकी वर्षं पालकांना विश्वासावर भाषण देतोय आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला माझ्याबद्दल जे कळायला हवं ते कळलेलं आहे. फक्त सानिका आणि ॲनेटला सोडून.

यंदाच्या कार्यक्रमाला एका नर्सिंग कॉलेजच्या मुली आल्या होत्या, नशेचे शरीरावर होणारे परिणाम सांगायला. त्यांत ॲनेट होती. पांढऱ्या गणवेशात, केस घट्ट बांधलेले. छान बोलली. मुलं हसत होती, तरी तिने न चिडता सगळं समजावलं. कार्यक्रम संपल्यावर बाकीच्या नाश्त्याला गेल्या, ती माझ्यापाशी थांबली.

"सर, सानिका कुठे असते, माहितीय का तुम्हाला?"

नाही, म्हटलं मी. हे खरं होतं.

ती जरा हसली. "मी अजून आठवत बसते सर. त्या दिवशी मी कोणाशी काय बोलले. चर्चमध्ये बोलले का, घरी बोलले का. मम्मीलाही विचारलं. आता तर वाटतं, मीच कुठेतरी बोलून गेले असेन आणि विसरले असेन."

मैदानात मुलं खुर्च्या उचलत होती. माझ्या शेजारी माइक तसाच चालू होता, तो मी बंद केला. तिच्याकडे बघून एक वाक्य बोलायचं होतं. मराठीतलं साधं वाक्य, तीन शब्दांचं.

मी म्हटलं, "नाश्ता करून जा."

ती गेली. इडली खाऊन, सगळ्या शिक्षकांना नमस्कार करून, बसमध्ये बसून गेली. ॲनेट कुणाशीही बोलली नव्हती. मी सांगितलं होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.